डोंगरवस्तीवरील मानसिक आरोग्य आणि प्राथमिक शिक्षक

(फलटण येथे तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजवर या परिषदांतून आपण वाचन, गणित, पटनोंदणी, पोषण आहार आणि मूल्यमापन या विषयांचा ऊहापोह करीत आलो. आजचा विषय यांपैकी कोणत्याही सदरात बसणारा नाही. तथापि तो या सर्वांच्या मुळाशी आहे. ज्या मुलाचे मन स्वस्थ नाही त्याला अंकगणित शिकविता येत नाही, आणि ज्या घरातील आईचे मन खचलेले आहे त्या घरातील मूल शरीराने शाळेत आले तरी मनाने घरीच राहते, हा अनुभव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. यास्तव डोंगराळ भागातील लोकांचे मानसिक आरोग्य आणि त्या कामी प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य, या विषयावर चार शब्द बोलावेत असे मी योजिले आहे.

आपल्या तालुक्याचे दोन भाग सर्वांना ठाऊक आहेत. उत्तरेस नीरा उजव्या कालव्याखालील बागायती पट्टा, आणि दक्षिणेस महादेव डोंगररांगेच्या कुशीतील जिरायती गावे. संतोषगडाच्या पायथ्याचे ताथवडे, गिरवी, उपळवे, धुमाळवाडी आणि त्यांच्या आसपासच्या वाड्यावस्त्या या दुसऱ्या भागात मोडतात. डोंगर ओलांडला की शिखर शिंगणापूर आणि माण तालुक्याचा अवर्षणाचा मुलूख लागतो. आपल्यापैकी पुष्कळांनी बदलीच्या निमित्ताने जावळी, महाबळेश्वर आणि पाटण या तालुक्यांतील अवघड क्षेत्रातील शाळांवरही काम केले आहे. बामणोली, तापोळ्याच्या बाजूस तर शिवसागर जलाशयातून लाँचने जावे लागते. पूर्वेकडील डोंगर उघडे व कोरडे, पश्चिमेकडील घनदाट व पावसाचे. परंतु दोन्हीकडच्या वस्त्यांवर एक गोष्ट समान आढळते. माणसाचा पाय मोडला तर चार जण झोळी करून त्याला रस्त्यापर्यंत आणतात. मन मोडले तर मात्र कोणीच कोणाला कोठे नेत नाही.

असे का व्हावे? अंतर हे एक कारण आहेच. राज्यातील प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, आणि मनोविकारतज्ज्ञ बहुतांशी शहरांत आहेत. परंतु अंतराहून मोठे कारण मौन हे आहे. वीस उंबऱ्यांच्या वस्तीत प्रत्येकाला प्रत्येकाचे सर्व ठाऊक असते. म्हणूनच माणूस स्वतःचे दुखणे झाकून ठेवतो. ‘वेड लागले’ हा शब्द एकदा घरावर बसला की मुलीचे लग्न अडते आणि भावकीत मान खाली जाते, ही भीती आजही पुरती गेलेली नाही.

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे की मानसिक आजार म्हणजे केवळ वेड नव्हे. दीर्घकाळचे औदासीन्य, अकारण भीती, झोप उडणे, दारूचे व्यसन, बाळंतपणानंतर मातेला येणारी खिन्नता, हे सर्व मानसिक आजारांतच मोडते आणि त्यांवर उपचार आहेत. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे ‘निम्हान्स’ने, २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत सर्वेक्षण केले. त्यात १८ वर्षांवरील शेकडा १०.६ लोकांना त्या वेळी एखादा मानसिक आजार असल्याचे आढळले. बहुतेक आजारांत शेकडा ७० ते ९२ रुग्ण उपचाराविना राहतात, असेही त्यातून दिसून आले. आपले राज्य त्या बारांत नव्हते. पण आपल्याकडची माणसे काही निराळ्या मातीची नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा, २२,७४६, महाराष्ट्राचा होता. या आकड्यामागे तितकीच घरे आहेत, आणि त्यांतील कित्येक घरांतली मुले आपल्याच बाकांवर बसतात.

आता डोंगरातील जीवनाकडे पाहू. घरचा कर्ता पुरुष मुंबईस माथाडीच्या कामाला किंवा अन्यत्र मजुरीला गेलेला. मागे राहतात म्हातारी माणसे, स्त्रिया आणि मुले. मेंढपाळ कुटुंबे दिवाळीनंतर वाड्यासह बाहेर पडतात. त्यांची मुले एक तर मेंढरांमागे जातात किंवा आजीपाशी राहतात. पाऊस चुकला की कर्ज वाढते आणि कर्ज वाढले की दारू वाढते. पश्चिम भागात याच्या जोडीला निसर्गाचे आघात आहेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, आणि त्या पट्ट्यातील वृद्ध माणसे जमीन हलली की आजही घराबाहेर धाव घेतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. अशा प्रसंगी अन्न, वस्त्र आणि तात्पुरता निवारा यांची व्यवस्था शासन व समाज दोघेही करतात. परंतु पुढच्या पावसाळ्यात पहिली जोराची सर आली की ज्या मुलाचे अंग थरथरते, त्याची नोंद कोठल्याही पंचनाम्यात होत नाही. ती एकच व्यक्ती करू शकते, आणि ती म्हणजे त्या मुलाचा शिक्षक.

शिक्षकावर आधीच कामांचा भार थोडा नाही, आणि त्यात हे नवीन ओझे कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तेव्हा मी आरंभीच सांगून टाकतो की शिक्षकाने वैद्य व्हावे असे मी म्हणत नाही. रोगाचे निदान करणे, औषध सुचविणे किंवा चालू औषध बंद करावयास सांगणे हे आपले काम नव्हे, आणि ते आपण कदापि करू नये. आपले काम त्याच्या अलीकडचे आहे. दुःखाची खूण ओळखावी, ते ऐकून घ्यावे आणि योग्य ठिकाणी पोहोचवावे, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आपत्तीत काम करणाऱ्या सामान्य कार्यकर्त्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे सूत्रही पाहा, ऐका, जोडा, असेच तीन शब्दांचे आहे.

सामान्य माणसांकडून हे काम होते काय? होते, आणि त्याचा दाखला आपल्याच राज्यातील एका डोंगराळ तालुक्यात आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत, पेठ या सह्याद्रीतील आदिवासी तालुक्यात, ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम चालविला. गावातील विश्वासाची माणसे निवडून त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. निवृत्त शिक्षक, बचतगटाच्या प्रमुख स्त्रिया, शेतकरी मंडळांतील जाणते लोक अशी ही माणसे होती. काहींनी केवळ दुःखी माणूस ओळखावयाचा. काहींनी त्याच्याशी चार ते सहा वेळा निवांत बसून बोलावयाचे, अडलेल्या सरकारी योजनेचा लाभ मिळवून द्यावयाचा, आणि आजार भारी वाटला तर सरकारी दवाखान्यात पाठवावयाचे. यांपैकी कोणीही डॉक्टर नव्हते. पुढे हाच उपक्रम गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात सहाशेहून अधिक गावांत नेण्यात आला. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या नावाने अशाच तऱ्हेचे काम झाले. तेथे उपक्रमापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी शेकडा जेमतेम ४ लोक मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण शेकडा २७ पर्यंत गेले. आपल्या साताऱ्यातही ‘परिवर्तन’ या संस्थेने व्यसनमुक्तीच्या कामाबरोबर ‘मानसमित्र’ घडविण्याचे काम हाती घेतले.

परदेशातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात मनोविकारतज्ज्ञ अत्यल्प. तेथील डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली दवाखान्याच्या आवारात एक साधा लाकडी बाक ठेवविला आणि त्यावर वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन बसविले. दुःखी माणसाने आजीशेजारी बसावे आणि मन मोकळे करावे. त्यांच्या शोना भाषेत नैराश्याला शास्त्रीय शब्द नाही. ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणे, असे ते म्हणतात. आपल्याकडील बाई तरी निराळे काय म्हणते? ‘डोक्यात लई इचार येत्यात’, ‘जीव रमत नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘उरावर धोंडा ठेवल्यागत होतं’. नैराश्य हा शब्द पुस्तकात असतो. वस्तीवर ही वाक्ये असतात. त्यांचा अर्थ ज्याला कळतो तो अर्धे काम करून चुकला.

शिवाय, हे काम शिक्षकाच्या पेशाला परके नाही. याच जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले या आपल्या सर्वांच्या आद्य शिक्षिका. १८६३ साली जोतीरावांसह त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. लोकनिंदेच्या भयाने जीव द्यावयास निघालेल्या विधवा स्त्रीला स्वतःच्या घराचे दार उघडून देणे, याला आजच्या भाषेत मानसिक आधार याहून दुसरे नाव नाही. फलटणचेच दुसरे नाव घ्यावयाचे तर कमला निंबकरांचे. येथील बालभवन शाळा त्यांच्या नावाने चालते हे आपण जाणता; परंतु याच बाईंनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हाताला सार्थ काम मिळाले की शरीराबरोबर मनही सावरते, हे त्या शास्त्राचे मूलतत्त्व आहे. शेणामातीचे, बागेचे, विणकामाचे उद्योग शाळेत घेणाऱ्या शिक्षकाला ते निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

पहिली गोष्ट पाहण्याची. हजेरीपट हे पाहण्याचे पहिले साधन होय. एरवी नियमित येणारे मूल ठरावीक वारी गैरहजर राहू लागले, तर त्या वारी घरात काय घडते याचा शोध घ्यावा. बाजारचा दिवस आणि बापाची दारू यांचा मेळ पुष्कळदा तेथेच लागतो. बोलके मूल गप्प होणे, शांत मूल एकाएकी मारकुटे होणे, वरचेवर पोट किंवा डोके दुखते म्हणणे आणि डॉक्टरांना काही न सापडणे, मोठ्या वयात अंथरूण ओले करणे, आवडता खेळ सोडून देणे, वर्गात झोप येणे, या खुणा ध्यानात घ्याव्यात. एखाद्या दिवसाची रुसवाफुगवी म्हणजे आजार नव्हे. परंतु असा बदल दोन आठवडे टिकला आणि त्याने मुलाचे खाणे, झोपणे वा शिकणे बिघडले, तर ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. मात्र खूण दिसली म्हणून मुलावर शिक्का मारू नये. ‘हा मनोरुग्ण आहे’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी कधीही येता कामा नये.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. ही सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत अवघड आहे, कारण आपला सारा धंदा सांगण्याचा आहे. एका डोंगरवस्तीवरील द्विशिक्षकी शाळेत मी भेटीस गेलो असता तेथील शिक्षिकेकडून समजलेली हकीकत सांगतो. गाव व नावे सांगत नाही. तिसरीतील एक हुशार मुलगी शाळेत येईनाशी झाली. घरी निरोप धाडला की एक दिवस येई, पुन्हा दोन दिवस दडी मारी. बाईंनी तिला शिक्षा केली नाही की सर्वांदेखत विचारलेही नाही. दुपारी पोषण आहाराचे तांदूळ निवडावयास त्यांनी तिला शेजारी बसवून घेतले आणि काहीच न विचारता दोघी निवडीत बसल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी आपण होऊन बोलली, ‘मी घरी नसले की आई एकटीच रानात जाऊन बसती. म्हनून मी तिची राखन करती.’

पीक राखावे तसे ते आठ वर्षांचे मूल आईला राखीत होते. आई चार महिन्यांची बाळंतीण. झोप नाही, तान्ह्याला जवळ घेत नाही, कोणाशी बोलत नाही. वडील मुंबईस. घरच्यांचे मत पडले की बाहेरची बाधा आहे, आणि अमावास्येस देवऋषीकडे जाण्याचे ठरले होते. बाईंनी घरच्यांशी वाद घातला नाही. आशाताईंना बरोबर घेऊन त्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, ‘बाळंतपणानंतर अशक्तपणा शरीराला येतो तसा मनालाही येतो. दवाखान्यात दाखवू, औषधाने उतरतो.’ सासूला हे पटले. उपचारास काही महिने लागले, परंतु बाई सावरली आणि मुलगी चौथीत नियमित येऊ लागली. शिक्षिकेने केले काय? पाहिले, ऐकले आणि जोडले. यापलीकडे काही केले नाही. पण हे तिने केले नसते तर ते करणारे त्या वस्तीवर दुसरे कोणी नव्हते.

ऐकताना काही पथ्ये पाळावीत. ‘एवढ्यातेवढ्याने रडायचे नसते’, ‘इतरांची दुःखे बघ’, ‘मन घट्ट कर’, ही वाक्ये धीर देण्याच्या हेतूने बोलली जातात. परंतु ऐकणाऱ्याला ती दार लावून घेतल्यासारखी वाटतात. त्याऐवजी ‘तुला फार जड जात असेल’ एवढे म्हणून थांबावे. किशोरवयीन मुलगा किंवा एखादा पालक निरवानिरवीची भाषा बोलू लागला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, तर ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे शांतपणे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो हा गैरसमज आहे; उलट कोणी तरी विचारले, या जाणिवेने मोठा भार उतरतो. त्या माणसाला एकटे सोडू नये, आणि कीटकनाशके व तणनाशके कुलुपात किंवा घराबाहेर ठेवण्यास घरच्यांना सांगावे. हा उपाय किरकोळ नाही. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर क्रमाक्रमाने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. संकटाची घटका टळली की पुष्कळ माणसे पुन्हा जगू लागतात.

ऐकलेली गोष्ट चावडीवर जाऊ देऊ नये. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल तर गुप्ततेचे वचन देऊ नये. ‘हे मी मदत करणाऱ्यालाच सांगेन, इतरांना नाही’, असे सांगावे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे गावकीचा समेट चालत नाही.

तिसरी गोष्ट जोडण्याची. डोंगरवस्तीवरून मदतीची साखळी अशी जाते: आशाताई, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, फलटणचे उपजिल्हा रुग्णालय आणि साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि १९९६ पासून त्याच्या अंगभूत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्याअन्वये जिल्हा पातळीवर तपासणी व औषधोपचाराची सोय असते. जेथे रस्ता नाही तेथे फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असून तो चोवीस तास विनाशुल्क आहे व तेथे मराठीतून बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून घ्यावेत. विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी करणारे पथक शाळेत येईल तेव्हा केवळ डोळे, दात आणि वजन यांवर न थांबता, ज्या मुलांविषयी चिंता वाटते त्यांची माहिती डॉक्टरांना खासगीत द्यावी.

कायदाही आता दुःखिताच्या बाजूने उभा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला उपचार देण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर पूर्वीचे ३०९ कलम उरलेच नाही. तेव्हा ‘पोलीस केस होईल’ या भीतीने कोणी रुग्णाला घरी लपवून ठेवीत असेल तर ती भीती आपण दूर करावी.

देवऋषी आणि अंगात येणे या विषयी एक शब्द. कोणाची श्रद्धा दुखविणे हे आपले काम नाही. घरची माणसे देवाला नारळ वाढवितात तर वाढवू द्यावा. ‘नारळही वाढवा आणि दवाखान्यातही चला’, असे म्हणणारा शिक्षक लोकांना आपला वाटतो. परंतु भूत काढण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे श्रद्धेचे क्षेत्र नव्हे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरविला आहे, आणि हा कायदा व्हावा म्हणून आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे. मिरगीचेही तसेच. झटका आलेल्या मुलाला चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. कुशीवर वळवून आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात आणि नंतर दवाखान्यात न्यावे. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. मिरगी औषधाने बहुधा काबूत राहते, आणि असे मूल इतरांप्रमाणेच शाळेत शिकू शकते.

जोडून दिल्यावर काम संपत नाही. गोळ्या सुरू होऊन थोडे बरे वाटू लागले की त्या बंद करण्याकडे लोकांचा कल असतो. महिन्यातून एकदा पालकाला सहज विचारावे, ‘औषध चालू आहे ना? पुढची तारीख कधीची?’ एवढ्या एका प्रश्नाने उपचार टिकतो.

शाळेचा नित्यक्रम हाही एक उपचारच आहे. आघात झालेल्या मुलाला सर्वांत अधिक गरज असते ती ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट घडण्याची: तीच घंटा, तीच प्रार्थना, तोच बाक. म्हणून आपत्तीनंतर शाळा जितक्या लवकर भरेल तितके चांगले. खेळाचा तास कोणत्याही कारणाने कापू नये. आणि आपल्या हातून मुलाच्या मनाला जखम होणार नाही हे तर प्रथम पाहावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. बापाच्या व्यसनावरून, आईच्या आजारावरून किंवा घरच्या गरिबीवरून मुलाला बोललेला एक शब्द ते जन्मभर विसरत नाही.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. अवघड क्षेत्रातील शाळेवर एकटे राहणारा शिक्षक, कुटुंब एका गावी आणि नोकरी दुसऱ्या गावी असलेली शिक्षिका, यांचे मनही थकते. ते कबूल करण्यात कमीपणा नाही. १४४१६ हा क्रमांक गावकऱ्यांसाठी आहे तितकाच आपल्यासाठीही आहे. प्रत्येक केंद्राने मासिक परिषदेत अर्धा तास असा राखून ठेवावा की ज्यात परिपत्रक नाही, अहवाल नाही. शिक्षकांनी एकमेकांच्या अडचणी केवळ ऐकावयाच्या. जो स्वतःचे कोणाला सांगू शकतो तोच दुसऱ्याचे ऐकू शकतो.

पुढील परिषदेपूर्वी आपण चार गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. एक, दोन्ही मदत क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहावेत. दोन, आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना शाळेत बोलावून ओळख करून घ्यावी व त्यांचे फोन क्रमांक टिपून ठेवावेत. तीन, पालकसभेत दहा मिनिटे या विषयावर गावच्या भाषेत बोलावे. आजाराचे नाव घेण्याऐवजी झोप, भूक आणि काळजी यांविषयी बोलावे, म्हणजे लोक ऐकतात. चार, हजेरीपट समोर घेऊन गेल्या दोन महिन्यांत ज्यांच्यात बदल दिसला अशा मुलांची मनाशी यादी करावी आणि त्यांपैकी एकाशी, निदान एकाशी, निवांत बसावे. ही यादी कागदावर उतरवू नये व कोणाकडे पाठवू नये. तिचा अहवाल आमचे कार्यालय मागणार नाही.

बंधुभगिनींनो, डोंगरावरच्या वस्तीत दवाखाना नसतो, बँक नसते, पुष्कळदा रस्ताही नसतो. पण शाळा असते. सकाळी कुलूप काढून मुलांची वाट पाहणारे एक माणूस तेथे असते. त्या माणसाजवळ मनातले बोलता येते असा विश्वास मुलांना आणि त्यांच्या आयांना वाटला, तर ज्या काही जिवांची राखण आज आठ-आठ वर्षांची मुले एकटी करीत आहेत, त्यांच्या मदतीला आपण गेल्यासारखे होईल.